कॉफी की ज्वारी

नांदेडला बदली होऊन आले तेव्हा खोली शोधताना मला सगळीकडं एकच अनुभव यायचा. मी नाव सांगायची, समोरचा जरा थांबून म्हणायचा, "पूर्ण नाव?" पूर्ण नाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्या कुणाला तरी दिलेली असायची. पुढं माझे घरमालक झालेल्या सरांनी मात्र दार उघडल्या उघडल्या विचारलं, "दिवसातून चहा किती वेळा घेता?"

मी गोंधळले. यातही काहीतरी मेख असणार असं वाटलं.

"दोनदा. कधी तीनदा."

"नक्की सांगा. दोन की तीन?"

"ऑफिसात कुणी पाजला तर तीन."

"म्हणजे ठरलेलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले आणि जरा खट्टू झाले. मग म्हणाले, "कॉफी?"

"न्हाई घेत."

"अजिबात नाही?"

"आमच्या किल्लारीत कोण कॉफी पितं सर?"

त्यांचा चेहरा उजळला. असा चेहरा मी बँकेत मोठा ठेवीदार आल्यावर मॅनेजरचा झालेला पाहिला होता. "उत्तम," ते म्हणाले. "धावता का?"

लहानपणी धावायचे, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं आमचं गाव. रस्ते सरळ आणि इतके रुंद, की पोरांना पळण्याशिवाय दुसरं काही सुचूच नये. "मग वरची खोली तुमची," सर म्हणाले. "सकाळी ओसरीवर यायचं. आदल्या संध्याकाळपासून चहा घेतलेला नसावा." माझं पूर्ण नाव त्यांनी विचारलं ते पुढं भाडेकरार लिहिताना. तेव्हाही मान वर न करता ते लिहून घेतलं आणि लगेच म्हणाले, "वजन?"

सर एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आयुष्यात कधी धावले नव्हते. पहाटे मैदानावर यायचे तेही इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट आणि वरून बिनबाह्यांचा स्वेटर घालून. स्कूटरवर घडीची खुर्ची बांधलेली असायची. ती खुर्ची ते मैदानाच्या कडेला रोज एकाच जागी मांडायचे आणि गळ्यात घड्याळ अडकवून बसायचे. आम्ही धावायचो, ते आमच्या वेळा घ्यायचे. सगळ्यांना "तुम्ही" म्हणायचे, मैदानावरच्या कुत्र्यालाही. "तुम्ही जरा बाजूला व्हा," असं ते त्याला म्हणायचे, आणि ते बाजूला व्हायचं. भेटल्यावर नमस्कार करायच्या आधी विचारायचे, "झोप?" सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस काळजीनं विचारतोय. मग कळलं, की झोपेचा आकडा त्यांना हवा असायचा. आणि आणखी काही महिन्यांनी कळलं, की काळजीही असायची. मग मात्र मला काहीच नक्की कळेना.

त्यांच्या बैठकीत लग्नाचा फोटो नव्हता, देवादिकांच्या तसबिरी नव्हत्या. भिंतभर आलेखाचे कागद होते. ते बैठकीतून जिन्यापर्यंत गेले होते, आणि माझ्या खोलीकडं जाताना मला रोज आपलाच गेल्या पावसाळ्यातला वेग दिसायचा. प्रत्येक माणसाची एक रेघ. रेघ खाली आली की माणूस जलद झाला.

प्रश्न सरांचा साधा होता. कॉफी प्यायल्यावर साधी माणसं, म्हणजे आमच्यासारखी नोकरीधंदा सांभाळून पळणारी, खरंच जलद पळतात का? की कॉफी प्यायलो या समजुतीनंच पळतात?

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कसा शिरला ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. त्यांच्या पत्नी उदगीरकडच्या. माहेरी कॉफीची चाल. सर मुलगी बघायला गेले तेव्हा आयुष्यातली पहिली कॉफी प्यायले, पितळी पेल्यातून. परत निघाले तर बस सुटलेली. ते बसमागं पळाले आणि त्यांनी ती गाठली.

"मी!" ते मला म्हणाले. "शाळेत लंगडीतसुद्धा सगळ्यात आधी बाद होणारा मी. चालती बस गाठली. दांडा धरून आत चढलो. आता मला सांगा, ते कॉफीमुळं झालं की हिच्यामुळं?"

त्यांच्या पत्नी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बस हळू होती."

त्यांना सगळी गल्ली अव्वा म्हणायची. त्यांच्या माहेरी आईला अव्वा म्हणतात. मूलबाळ नव्हतं, पण नाव मात्र ते पडलं. बोलायच्या कमी. हातात कायम काहीतरी काम, आणि डोळे समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर.

प्रयोगाची सगळी मदार अव्वांवर होती. रोज पहाटे त्या स्वयंपाकघरात दोन किटल्या करायच्या. एकीत खरी कॉफी. दुसरीत काळी होईस्तोवर भाजलेली ज्वारी आणि खजुराच्या बिया, कुटून उकळलेल्या. दोन्हीत गूळ, दोन्ही बिनदुधाच्या, दोन्ही सारख्याच कडू. मी दोन्ही कितीदा तरी प्यायले असेन, पण जिभेला फरक कधी कळला नाही. ओसरीवर आम्ही दहा-बारा जण जमायचो. प्रत्येकाचा कप ठरलेला. अव्वा आत कप भरून ट्रे बाहेर आणायच्या. महिनाभर कुणाला कॉफी आणि कुणाला ज्वारी, हे त्या चिठ्ठ्या टाकून ठरवणार, पुढच्या महिन्यात बदलणार, आणि कुणालाही सांगणार नाहीत. सरांनाही नाही. सरांना तर मुळीच नाही.

"मला कळलं की माझं बोट घड्याळावर लबाडी करेल," सर म्हणायचे. "माझ्या नकळत करेल. म्हणून मला सांगू नका." सगळं संपल्यावर, कधीतरी, अव्वा तोंडी सांगणार आणि सर आलेखांत रंग भरणार, असं ठरलं होतं. ते "कधीतरी" दरवर्षी पुढं जायचं. माणसं अजून कमी आहेत, असं सरांचं म्हणणं. "एक माणूस म्हणजे किस्सा, ताई. दहा माणसं म्हणजे गप्पा. मला अंदाज हवाय."

कप प्यायल्यावर लगेच पळायचं नाही. "पाऊण तास थांबा," हे त्यांचं रोजचं वाक्य. कॉफी अंगात भिनायला तेवढा वेळ लागतो म्हणे. तो पाऊण तास आम्ही ओसरीवर काढायचो, आणि मी आता मागं वळून बघते तेव्हा पळण्यापेक्षा तो पाऊण तासच जास्त आठवतो. पोस्टातल्या एक मॅडम होत्या, त्या स्वेटर विणायच्या. रिक्षावाले सलीमभाई होते, ते कपाळ धरून बसायचे. दिवसभर चहावर रिक्षा चालवणारा माणूस. आदल्या संध्याकाळपासून चहा बंद म्हटल्यावर त्यांचं डोकं ठणकायचं.

"सर, एक घोट. फक्त वास घेऊ द्या."

"चहा घेतला की सगळं बिघडतं, सलीमभाई."

"मी बिघडून राहिलो न सर हितं."

सलीमभाईंचा दावा होता की आपल्याला कपातलं कळतं. "खरी असली की माझा अंगठा उडतो," ते म्हणायचे आणि डाव्या पायाचा अंगठा सगळ्यांना दाखवायचे. आम्ही वाकून बघायचो. कधी उडतोय असं वाटायचं, कधी नाही. सर डोळे मिटून घ्यायचे. "दाखवू नका! मला दाखवू नका!" मग कुणाच्या तरी पोटात कळ यायची आणि तो संडासाकडं धावायचा, आणि सगळे एकमेकांकडं बघायचे. त्याला खरी. नक्की खरी. पण मग पोस्टातल्या मॅडम म्हणायच्या, ज्वारीनंसुद्धा होतं हो पोट साफ.

पळताना माझं काय व्हायचं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. काही दिवस पाय आपोआप उचलायचे. दम लागायचा पण त्याचा जाच वाटायचा नाही. काही दिवस दुसऱ्याच कुणाचे पाय आपल्याला लावलेत असं वाटायचं. चांगल्या दिवशी मी मनाशी म्हणायची, आज कॉफी होती. वाईट दिवशी म्हणायची, आज ज्वारी. पण महिनाभर एकच असणार होतं ना? मग एकाच आठवड्यात हे दोन्ही कसं? मी सरांना विचारलं तेव्हा ते खूश झाले. "हाव! हाच तर प्रश्न आहे!" म्हणाले. एरवी पुस्तकासारखं बोलणारा माणूस आनंद झाला की 'हो'च्या जागी "हाव" म्हणायचा. उत्तर मात्र दिलं नाही.

माझी पुढं लातूरला बदली झाली. सर आता नाहीत, अव्वा उदगीरला भावाकडं असतात. लातूरला मी ज्या मैदानावर जाते तिथं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी असतात. बाटलीत कॉफीची पुडी टाकून, हलवून, एका दमात पितात. मला वयानं मोठी म्हणून विचारतात, "ताई, फायदा होतो का हो?" मी इतकी वर्षं त्या ओसरीवर काढली. मला सांगता यायला हवं. मी म्हणते, होतो बहुतेक, थोडासा, सगळ्यांना नाही, जास्त घेऊ नका, झोप झालेली असू द्या. त्या पोरी माझ्याकडं अशा बघतात, की हिला काहीच माहीत नाही. त्यांचं बरोबरच आहे.

आता एका शर्यतीचं सांगते.

हिवाळ्यात शहरात दहा किलोमीटरची शर्यत व्हायची. हौशी लोकांचीच. आमच्यातले बरेच जण उतरायचे. त्या वर्षी मीही उतरले. त्या आठवड्यात माझ्या मनाची अवस्था विचित्र होती. घरून लग्नासाठी एक स्थळ आलं होतं, ते चांगलं होतं, आणि मला ते नको होतं. का नको, हे मला सांगता येत नव्हतं. आई फोनवर विचारायची आणि मी गप्प बसायची. शर्यतीच्या दिवशी पहाटे मी ओसरीवर आले, अव्वांनी कप दिला, मी प्यायले.

त्या दिवशी मी जशी धावले तशी त्याआधी कधी धावले नव्हते, आणि नंतरही कधी नाही. पुलावरून जाताना खाली गोदावरीवर धुकं होतं. माझ्या पुढं चार-पाच बायका होत्या. मी एकेकीला मागं टाकत गेले. कुणाला हरवायचंय असं मनात नव्हतं. त्या आपोआप मागं पडत होत्या आणि मला त्यांचं नवल वाटत होतं. डोकं इतकं रिकामं झालं होतं, की स्थळ नाही, आई नाही, ऑफिस नाही. मी तिसरी आले. कुणीतरी गळ्यात पदक घातलं. आणि मग माझं काळीज छातीत फडफडायला लागलं. थांबेच ना. मी रस्त्याच्या कडेला उलटी केली आणि खाली बसले.

सलीमभाई स्वतःची शर्यत अर्ध्यात सोडून आले होते. त्यांनीच मला रिक्षात घातलं. सर शेजारी बसले. खुर्ची तिथंच कडेला राहिली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं छातीला तारा लावल्या आणि विचारलं, "काही घेतलं होतं का? औषध, एनर्जी ड्रिंक, कॉफी?"

मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "कॉफी. किंवा ज्वारी."

"काय?"

"दोहोंपैकी एक."

"कोणतं?"

"मला माहीत नाही. मला माहीत नसणं आवश्यक आहे."

डॉक्टरनं त्यांच्याकडं असं बघितलं, की आता यांनाही शेजारच्या खाटेवर घ्यावं का. "काका, पेशंटच्या पोटात काय गेलंय ते मला कळायला हवं. तुम्हाला माहीत नसेल तर कुणाला माहीत आहे?"

सरांच्या कपाळावर घाम आला होता. मी इतका घाबरलेला माणूस क्वचित पाहिला असेल. त्यांनी घरी फोन लावला, तो कानाला न लावता लांब धरून डॉक्टरच्या हातात दिला, आणि स्वतः खोलीबाहेर गेले. काचेतून मला दिसत होते. त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती आणि रडत होते. त्यांना ऐकायचं नव्हतं आणि त्यांना माझी काळजी वाटत होती, दोन्ही एकाच वेळी. मला त्यांचा राग यावा की कीव, हे मला तिथं पडल्या पडल्याही ठरवता येईना.

डॉक्टरनं फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "ज्वारी होती म्हणतात बाई. भाजलेली ज्वारी." मग मला म्हणाला, "तुम्ही पाणी कमी प्यायलात आणि झेपेल त्यापेक्षा जोरात पळलात. बाकी ईसीजीत तसं काही दिसत नाही. आठवडाभर विश्रांती घ्या. आणि असले प्रयोग बंद करा."

सलाइन संपवून मी संध्याकाळी घरी आले. अव्वा वर माझ्या खोलीत आल्या, मऊ भात घेऊन. माझ्या उशाशी बसल्या. हळूच म्हणाल्या, "कॉफी होती, बाई. खरी होती. कॉफी म्हटलं तर तो डॉक्टर तुला पुन्हा पळू देणार न्हाई म्हणून ज्वारी म्हटलं."

मी भात खाल्ला. पदक खिळ्याला लटकवलं होतं. ते बघून मला पहिल्यांदाच कसंतरी झालं. म्हणजे ती धाव माझी नव्हती. किटलीची होती.

मी दोन दिवस खोलीतून बाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी अव्वा पुन्हा आल्या. माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुला खोटं सांगितलं मी. ज्वारीच होती. तुझी तूच पळाली."

"अव्वा, मग कॉफी का म्हणालात?"

"तू भिली होतीस. आपलं काळीज बिघडलं असं तुला वाटून राहिलं होतं. कॉफी म्हटलं की भीती जाईल असं वाटलं मला."

"मग आता ज्वारी का म्हणताय?"

त्यांनी माझ्या पायावर शाल सरळ केली आणि खाली गेल्या.

गल्लीत बातमी पसरली होती. सर लोकांना काहीतरी पाजतात आणि त्यानं एक पोरगी पडली. त्या रविवारी ओसरीवर माणसं आली ती पळायला नव्हे. सलीमभाईंची बायको आली होती. दंडापर्यंत पदर घट्ट ओढून ती सरांसमोर उभी राहिली.

"सर, तुमची इज्जत करते मी. पण माझा माणूस रोज इथं काय पिऊन जातो ते मला आज कळलं पायजे. घरी तीन लेकरं हायेत माझी."

"वहिनी, मला माहीत नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज खोल गेला होता.

"तर मग माहीत करून घ्या न!"

सलीमभाई म्हणाले, "अगं, काही न्हाई, माझा अंगठा…"

"तुमचा अंगठा गप ठेवा."

मग ती सरांना सोडून सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडं वळली. "अव्वा, तुम्ही सांगा."

अव्वा बाहेर आल्या. हात पदराला पुसत उभ्या राहिल्या. सर झटकन उठले आणि फाटकाबाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले, कानांत बोटं घालून. रस्त्यानं जाणारा दूधवाला त्यांच्याकडं बघत गेला.

"चिठ्ठ्या मी पहिला महिनाच टाकल्या," अव्वा म्हणाल्या. "मग सोडून दिल्या."

पोस्टातल्या मॅडमच्या सुया थांबल्या.

"तुम्ही लोक पहाटे येता न ओसरीवर. मी आतल्या खिडकीतून बघते. ज्याचा चेहरा उतरलेला, त्याला खरी देते. ज्याचा चांगला, त्याला ज्वारी. कुणाचं घरी भांडण झालं, कुणाचं लेकरू आजारी पडलं, ते दिसतं की तोंडावर. सलीमभाईला डोकं लईच दुखलं तर खरी. बाई, तुझ्या माणसाला तसं लई न्हाई दिलं मी. त्याचा चेहरा रोज चांगलाच असतो."

सलीमभाईंच्या बायकोनं नवऱ्याकडं बघितलं. तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं पदर सैल सोडला.

मला राहवलं नाही. "आणि मला? शर्यतीच्या दिवशी?"

अव्वांनी माझ्याकडं नीट बघितलं. आधी जशा दोनदा बोलल्या होत्या तसं या वेळी नव्हतं. त्यांना खरंच आठवायचं होतं असं वाटलं. "त्या दिवशी तुझा चेहरा मला वाचताच आला न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "आनंद हाय का दुःख हाय, काही कळंना. मी दोनदा किटली उचलली, दोनदा खाली ठेवली. मग कुठली ओतली, ते मलाच ठाऊक न्हाई."

तेवढ्यात सर आत आले. बोटं कानांतून काढली होती, बहुतेक बराच वेळ झाला होता काढून. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"सांगितलंत?"

"सांगितलं. तुम्हालाही सांगते."

"नको."

"ऐका. चिठ्ठ्या न्हाई टाकल्या मी. चेहरा बघून दिलं."

सर भिंतीवरच्या आलेखांकडं बघत राहिले. ओसरीवरून बैठकीतली भिंत दिसायची. इतक्या वर्षांच्या रेघा. त्यांचे ओठ हलत होते, जणू ते एकेक रेघ पुन्हा मोजत होते. "म्हणजे खचलेल्यांना कॉफी," ते पुटपुटले. "आणि आनंदी माणसांना ज्वारी. म्हणजे तुलना कशाची कशाशी झाली? हे मग काय आहे सगळं?" सर खाली बसले. मग त्यांनी मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, "आणि माझा कप?"

त्या गोंधळात मी विसरलेच होते, की सरही रोज आमच्याबरोबर एक कप घ्यायचे, आणि तो खऱ्या कॉफीचाच असतो असं धरून चालायचे. कॉफीनं बुद्धी तल्लख राहते, हे ते सगळ्यांना सांगायचे. सकाळी कॉफी घेतल्यापासून डोक्यात आकडे कसे सरसर उतरतात, तेही.

"तुम्हाला कधीच न्हाई दिली," अव्वा म्हणाल्या. "बीपी हाय न तुम्हाला."

"कधीच नाही?"

"ज्वारीच. पहिल्या दिवसापासून."

"पण मला दुपारी झोप लागत नाही! कॉफीमुळं!"

"ते वय झालं म्हणून."

सलीमभाईंना हसू आवरलं नाही. मग त्यांची बायको हसली. मग पोस्टातल्या मॅडम. मला हसावं की काय करावं ते सुचेना, कारण सर हसत नव्हते, आणि अव्वाही नाही. ती दोघं एकमेकांकडं बघत होती. सर एवढंच म्हणाले, "मी खचलेला असताना तरी द्यायचीत." अव्वा म्हणाल्या, "तेव्हा तर मुळीच न्हाई." आणि ट्रेमधले रिकामे कप उचलून आत गेल्या.

सर आता मैदानावर येणार नाहीत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी ओसरीवर किटली नव्हती. आम्ही काहीच न पिता गेलो. डॉक्टरनं मला पळायची मनाई केली होती, मी नुसती चालायला गेले होते. अंधार पातळ होत होता तेव्हा सर आले. खुर्ची नव्हती, गळ्यात घड्याळ नव्हतं. तीच इस्त्रीची पँट, पायांत चपला.

"ताई," ते म्हणाले, "माझ्याबरोबर चला. मी जरा धावून बघतो."

"सर, बीपी…"

"हळूच."

ते धावायला लागले. त्याला धावणं म्हणणं कठीण होतं. गुडघे वर उचलायचे पण माणूस पुढं जायचा नाही. मी शेजारून भराभर चालत होते आणि तरी मला थांबावं लागायचं. बाकीचे आमच्या बाजूनं जाताना वेग कमी करत होते. लांबच्या गोलपोस्टपाशी पोचल्यावर सर थांबले, खांबाला धरलं आणि मग गवतात बसले. चपला हातात घेतल्या. शब्द तुटत होते.

"तुम्हा लोकांना… हे रोज… आवडतं?"

"हो सर."

"का?"

मी विचार करू लागले. इतक्या वर्षांत त्यांनी माझं वजन विचारलं होतं, झोप विचारली होती, चहा विचारला होता. हे कधी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "लहानपणी आमच्या गावात मोठी माणसं सारखी मोजायची, सर. भूकंपात कोण गेलं, कुणाचं घर कुठं होतं. आम्ही पोरं नंतर जन्मलेली. आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही. मग आम्ही बाहेर पडून पळायचो. बस, तेवढंच."

हे खरं उत्तर होतं की नुसतं सुचलं म्हणून दिलं, मला सांगता येणार नाही. सरांनी ऐकून घेतलं.

"हे मी कुणालाच विचारलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही पहिल्या."

सलीमभाई वळसा घालून आले. "सर, बसून राहू नका, पाय आखडतील," असं म्हणत त्यांनी एक हात धरला, मी दुसरा धरला. आम्ही त्यांना उभं केलं. उरलेलं अर्धं मैदान तिघं चालत निघालो. सरांच्या छातीतून एक आवाज येत होता, मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की त्यांना नुसता दम लागला होता, मी त्यांचा हात धरून इतकी जवळ होते, तरी मला कळलं नाही.